बालजबूब की बालजबूल?

म्हापशेकर: म्हापशात माझं डीटीपीचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचं मराठी पुस्तक लावतोय, त्यात बायबलातले उतारे आहेत. जुन्या करारातल्या 'दुसरे राजे'मधल्या उताऱ्यात बालजबूब, तर नव्या करारातल्या मत्तय १२:२४ मध्ये भुतांचा अधिपती बालजबूल. गिऱ्हाईक म्हणतं आहे तसंच ठेव, पण माझे हात शिवशिवताहेत. एकच करून टाकू?

सायबर_पदेर: हात लावू नका, दोन्ही बरोबर! नावातला बाल म्हणजे बआल, आणि बआल म्हणजे धनी. इस्राएलचा अहज्या राजा माडीच्या जाळीतून खाली पडतो आणि आपण बरे होऊ का, हे विचारायला माणसं धाडतो ती शेजारच्या पलिष्टी लोकांच्या एक्रोन गावच्या देवाकडे. एलीया संदेष्टा त्यांना वाटेतच गाठून झापतो, इस्राएलात देव नाही की काय? त्या एक्रोनच्या देवाचं नाव बालजबूब. आता हिब्रूत जबूब म्हणजे माशी. माशांचा धनी! आपल्या देवाला असलं नाव कोण ठेवील? म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मूळचं नाव बालजबूल असावं आणि शेवटचं अक्षर मुद्दाम फिरवून शेजाऱ्याच्या देवाची टर उडवली असावी. सीरियात रास शामराला, म्हणजे जुन्या उगारित शहराच्या जागी, १९२९ पासून उत्खनन झालं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलला ज-ब-ल अशी उपाधी आहे, म्हणजे अधिपती. नव्या कराराच्या ग्रीक प्रतींत 'ल' टिकला. लॅटिन बायबलात 'ब' आला. पोर्तुगीजांचा बेल्झेबू त्यातलाच.

पेडण्याची_सून: मग आपल्या देवचाराचं वेगळं काय झालं? बांधावर रोट, विडी, दारू ठेवून आपण ज्याला राखणदार मानतो, त्याचंच नाव ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोकणीत सैतानाला. आमची शेजारीण नवऱ्यावर "देवचारा!" म्हणून खेकसते आणि इकडे सासूबाई पटकन हात जोडतात. 😄

सायबर_पदेर: सासूबाईंना नमस्कार! पण फार ताणू नका हं. देवचार गावची शीव राखतो, बआल पावसावादळाचा मोठा देव. एकाचा देव दुसऱ्याच्या तोंडी भूत झाला, तेवढंच जुळतं.

म्हापशेकर: बरं, दोन्ही ठेवतो. खाली बारीक टायपात एक टीप मात्र घालायला सांगणार आहे गिऱ्हाइकाला, नाहीतर वाचणारे डीटीपीवाल्याच्या नावानं बोटं मोडतील. टीप तुम्हीच लिहून द्या ना, दोन ओळींत. तीन झाल्या तर पान पुढे सरकतं.