बाबांना टुंड्रा दाखवायचाय – चर्चिलला (मॅनिटोबा, कॅनडा) कधी जावं?

सातारकर_विनिपेग: बाबा जूनमध्ये साताऱ्याहून येताहेत, सहा महिने राहतील. वय 68. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. टुंड्रा, म्हणजे उत्तरेकडचा बिनझाडांचा गोठलेला प्रदेश, फक्त नकाशात पाहिलाय. दोघांचं मिळून बजेट 1500 डॉलर. महिना कोणता? रेल्वे की विमान?

मंदार_टोरांटो: नोव्हेंबर! हडसन उपसागर गोठायची वाट बघत पांढरी अस्वलं किनाऱ्यावर जमतात. आम्ही टुंड्रा बग्गीत (मोठ्या चाकांच्या उंच बसमध्ये) होतो, एक अस्वल मागच्या पायांवर उभं राहून थेट खिडकीशी आलं. विमानानेच जा, रेल्वेत दोन रात्री जातात.

शुभदा_के: मंदार, विमान आणि बग्गी, तेही दोघांचं, 1500 मध्ये? रेल्वेच घ्या. गावाला बाहेरून रस्ताच नाही. विनिपेगपासून सुमारे 1700 किमी. शेवटी रूळांखाली कायम गोठलेली जमीन आहे, म्हणून गाडी सावकाश जाते. पण खिडकीतून झाडं बुटकी होत जाताना दिसतात, वाऱ्यामुळे फांद्या एकाच अंगाला.

उत्तरध्रुवी: झाडं आहेत म्हणजे तो खरा टुंड्रा नव्हे. आणखी उत्तरेला, नुनावुतमधल्या इक्वालुइटला जा.

शुभदा_के: झाडं संपतात ती वृक्षरेषाच तर भूगोलाच्या मास्तरांना बघायची असणार ना! इक्वालुइटला तर रेल्वेही नाही, बाहेरून रस्ताही नाही.

प्रथमेश७: मी फेब्रुवारीत गेलो होतो, ऑरोरासाठी (आकाशातला ध्रुवीय प्रकाश). दुकानदाराने ‘उणे 30 ला चालतील’ म्हणून दिलेल्या बुटांत बोटं बधिर झाली. बूट एक नंबर मोठे घ्या, आत लोकरीचे मोजे.

रेवती_थॉम्पसन: वाटेतल्या थॉम्पसन गावापर्यंत स्वतःच्या गाडीने या, पुढे रेल्वेची एकच रात्र. बरेच पैसे वाचतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या मुखाशी बेलुगा देवमासे येतात. डासांची जाळी मात्र डोक्यावर हवीच. आणि उपसागरातला बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावरच असतात, एकटे फिरू नका. गावात लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत, कुणाला पटकन आत शिरता यावं म्हणून.

मंदार_टोरांटो: पुन्हा सांगतो, नोव्हेंबर. आयुष्यात एकदाच होतं हे.

सातारकर_विनिपेग: सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, “अस्वल दिसलं तर उत्तम, पण बर्फाखाली जमीन कशी दिसणार? गोड्या मसाल्यातलं दगडफूल वर्गात नेऊन ‘टुंड्रात याचेच भाऊबंद उगवतात’ असं सांगायचो. ते उगवलेलं बघायचंय, हात लावून.” तर ऑगस्टच. रेवतीताई, थॉम्पसनला चार दिवस गाडी कुठे लावता येईल?