वाईत तीन दिवस मुक्काम आहे, महाबळेश्वर सोडून कुठे जाता येईल?

सुटीचोर:

शिवजयंतीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आहे. वाईला मावशीचं घर रिकामं आहे आणि किल्ली हातात आली आहे. आम्ही पाच जण: मी, बायको, सात वर्षांची लेक आणि आई-बाबा. बाबांचा उजवा गुडघा पायऱ्या बघितल्या की संपावर जातो. आईला देवळं हवीत, बाबांना गर्दी नको, लेकीला पाणी आणि स्ट्रॉबेरी. बायकोला काहीही चालेल, फक्त गाडीत बसायचं नाही म्हणाली.

आजवर आमच्यासाठी वाई म्हणजे सुरूर फाट्याला वळायचं, वडाच्या झाडांखालून जायचं आणि पसरणीचा घाट चढायचा, बास. गेल्या वर्षी याच सुट्टीत महाबळेश्वरच्या अलीकडे साडेतीन तास गाडीत बसून शेंगदाणे खाल्ले. पुन्हा नाही. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परत येता येईल अशा जागा सांगा.


आळीतली:

माझं माहेर वाईचं, घरापासून नदी दोन मिनिटांवर. त्यामुळे पक्षपाती उत्तर मिळणार, आधीच सांगते.

दिवसाला दोनच ठिकाणं करा, तिसरं नाही. दुपारी घरी येऊन झोपायचं. घर मिळालंय ना फुकटात? मग वापरा.

पहिल्या दिवशी गाडी काढूच नका. सकाळी सातच्या आत ढोल्या गणपतीला जा. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं, १७६२ साली. लोक समोरून दर्शन घेतात, फोटो काढतात आणि सुटतात. तुम्ही लेकीला घेऊन देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती काढली आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटून दोन्हीकडे फुटतं आणि देऊळ जागचं हलत नाही. लहानपणी पूर आला की आम्ही पोरं देव सोडून ही भिंतच बघायला जायचो. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळा नंदीही बघून घ्या, त्याच्या पाठीवर हात फिरवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

तुम्ही येताय ते दिवस कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या कृष्णा नदीच्या, उत्सवाचे असतात. वाईला सात घाट, सात आळ्या, आणि उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत जातो. अफजलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा बोललेला हा नवस, असं आमच्याकडे सांगतात. सध्या कृष्णाबाई कुठल्या घाटावर आहे ते कोणत्याही भाजीवालीला विचारा. संध्याकाळी मांडवात आईंना नेऊन बसवा, आठाच्या आत त्या उठणार नाहीत. बाबा वाचणारे असतील तर त्यांच्या कानावर घाला की मराठी विश्वकोशाचं काम याच गावात बसून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना.

दुसऱ्या दिवशी मेणवली आणि धोम. मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आहेच, पण मी आधी घाटावर जाईन. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, काठाला मेणेश्वर, आणि तिथेच एका छोट्या दगडी घुमटीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती देवळाची नव्हे, चर्चची! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या ज्या घंटा आल्या, त्यातली एक. जवळ जाऊन नीट बघा, १७०७ हा आकडा आणि मांडीवर बाळ घेतलेली मेरी दिसेल. पाण्यालगतच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, लेकीचा हात सोडू नका.

तिथून धोम पाच-सहा किलोमीटर. धोमेश्वरासमोर कमळासारखं टाकं आहे, त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. टाक्यात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं वाटतं. एकदा नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींना रस्ताभर याचं वर्णन ऐकवत नेलं, आणि टाकं ठणठणीत कोरडं. तळाशी वेफर्सची रिकामी पाकिटं. मंडळी नम्रपणे "छान आहे" म्हणाली. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी गावात कोणालातरी विचारून घेते.

तिसऱ्या दिवसाचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.


गडफिरस्ता:

धोमपर्यंत जाताच आहात तर धरणाच्या वरच्या अंगाला कमळगड आहे. नांदगणे किंवा वासोळ्यातून चढायचा. वाट रानातून जाते, फेब्रुवारीतही सावली मिळते. माथ्यावर तटबुरूज शोधू नका, निराश व्हाल. बघायची ती कावेची विहीर. जमिनीत अरुंद भेग गेल्यासारखी, पन्नासेक पायऱ्या उतरून जायचं, दोन्ही भिंती गेरूने लालभडक आणि आत एकदम गारवा. पांढरा शर्ट घालून गेलात तर तो घरी परत पांढरा येणार नाही.


रविवारचा_पसारा:

सगळे देवळंच सांगताहेत, पोरीच्या स्ट्रॉबेरीचं काय? पाचगणी वाईहून बारा किलोमीटर. सकाळी साडेसहाला घाट चढा. तेव्हा टेबललँडवर फक्त वारा असतो, घोडेवालेसुद्धा कानटोपी घालून चहा पीत असतात. नऊला तिथून निघा आणि पुढे भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत कपाटं मांडली आहेत. पुस्तक काढायचं, ओसरीवर बसून वाचायचं, जाताना ठेवून यायचं. अंगणाच्या पलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे. अकराला परत फिरा. बारानंतर घाटात काय होतं ते तुम्हाला शेंगदाण्यांनी शिकवलंच आहे.


आळीतली:

गडफिरस्ता, बाबांचा गुडघा वाचलात का? कमळगडावर सुटीचोर यांनी एकट्यानेच जावं आणि घरच्यांचे टोमणे ऐकायची तयारी ठेवावी.

तर तिसरा दिवस. लिंबची बारा मोटांची विहीर. हमरस्त्याने साताऱ्याच्या दिशेने जायचं आणि लिंब फाट्याला आत वळायचं. वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात ही बांधून घेतली, तसा शिलालेखच तिथे आहे. वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे, कोरीव खांबांचा, आणि त्याच्या खिडकीतून खाली पाणी दिसतं. पण काठावर जिथे मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या कातडी पिशव्या, चालायच्या त्या जागा बघायला विसरू नका. मोट, नाडा, धाव, थारोळं हे शब्द आता शब्दकोशातच उरलेत, तिथे ते दगडात दिसतात. ऊन चढायच्या आत जा, वर सावली कमी आहे. पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबांना वरच बसवा.

परतताना हळदीच्या शेतांकडे लक्ष असू द्या. आमच्या भागात या दिवसांत हळद काढून शिजवतात. वाफेचा वास रस्त्यापर्यंत येतो. गाडी थांबवून विचारलंत तर शेतकरी हौसेने दाखवतात.


सुटीचोर:

परत आलो, वृत्तांत देणं भाग आहे.

पहिल्या दिवशी गाडी काढली नाही. बायकोने आळीतली यांना दंडवत सांगितला आहे. कृष्णाबाईच्या मांडवात आई कीर्तनाला बसली ती साडेनऊला उठली. तुमचा अंदाज दीड तासाने चुकला.

मेणवलीला लेकीला घंटेवरची बाई दाखवली आणि विचारलं, कोण असेल? ती म्हणाली, यशोदा. घंटा वसईहून आली वगैरे मी सांगायला लागलो, तर म्हणाली, म्हणजे यशोदा वसईची होती. मी पुढे वाद घातला नाही. धोमच्या टाक्यात पाणी होतं! फार नाही, कासवाच्या गळ्यापर्यंत.

भिलारला साडेआठलाच पोहोचलो. टेबललँडवर वाऱ्याने आईचा पदर आणि माझा निश्चय दोन्ही उडवले. बाबांनी ओसरीवर एक जाड चरित्र उघडलं आणि साठ पानं वाचून झाल्याशिवाय उठायला तयार होईनात, त्यामुळे अकराचं गणित कोलमडलं. खाली उतरताना समोरून चढणाऱ्या गाड्यांची रांग बघून मात्र मला फार बरं वाटलं. कमळगड राहिला. टोमणे न जाताही ऐकले.

लिंबला बाबांना वर बसवायचं ठरलं होतं. ते बसलेही. मग मोटेच्या जागा बघून त्यांचं सुरू झालं. त्यांच्या आजोबांची मोट होती म्हणे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय. बैल धावेवरून खाली उतरताना माणूस नाड्यावर कसा बसायचा, थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज कसा यायचा, हे सगळं त्यांनी लेकीला उभं राहून करून दाखवलं. ती काठावरच्या मोटांच्या जागा मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होती. तेवढ्यात बघतो तर बाबा पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी सरकत, खाली निघालेले. महालात पोहोचल्यावर खिडकीशी बसून राहिले. वर यायला अर्धा तास लागला आणि परतीच्या वाटेवर मलमाची नळी विकत घ्यावी लागली.

हळदीची काहील बघितली. गाडीला अजून वास आहे.

किल्ली मावशीला अजून परत केलेली नाही. रंगपंचमीला बावधनच्या यात्रेतलं बगाड बघायचं म्हणताहेत बाबा. बैलांच्या जोड्या लावून ओढतात ना ते? गाडी कुठे लावायची आणि त्यांना बसून बघता येईल अशी जागा कोणती, तेवढं सांगा.


आळीतली:

गाडी वाईतच ठेवा. बाकी व्यक्तिगत निरोपात कळवते, माझी आत्या बावधनला दिली आहे. तिच्या गच्चीवर जागा धरायला हवी, आणि ती आतापासूनच धरावी लागते.