शब्दचर्चा: स्तेपानोवाचं 'सीतेत्स' आणि आपलं 'चीट'

प्रश्न

रशियन कलावंत वार्वारा स्तेपानोवा (१८९४–१९५८) हिने १९२३-२४ मध्ये मॉस्कोच्या कापडछपाईच्या सरकारी कारखान्यासाठी सुमारे १५० नमुने काढले. त्यांतले साधारण दोन डझन प्रत्यक्ष कापडावर उतरले. यावर मराठीत लिहिताना तीन शब्द अडले आहेत. रशियन मजकुरात या कापडाला सगळीकडे 'सीतेत्स' म्हटलंय. मी 'छापील सुती कापड' असं लिहिलं, पण ते फार सरकारी वाटतं. दुसरं, 'भौमितिक नक्षी' चालेल का? आणि कापडावर तोच आकार पुन्हा पुन्हा येतो, त्या 'रिपीट'ला काय म्हणावं?

प्रतिसाद १

'सीतेत्स'ला मराठीत तयार शब्द आहे: चीट. नपुंसकलिंगी, ते चीट, चिटाचा परकर, चिटाचं पोलकं. आणि हा नुसता प्रतिशब्द नाही, मुळात शब्दच एक आहे. आपल्याकडचं छापील सुती कापड जहाजांतून युरोपात गेलं, तेव्हा त्याचं नावही सोबत गेलं. पोर्तुगीजांनी 'शिता' केलं, डचांनी 'सित्स', इंग्रजांनी 'चिंट्झ'. डचांकडून ते रशियनमध्ये 'सीतेत्स' झालं.

अर्थ मात्र सगळीकडे सारखा राहिला नाही. इंग्रजीत 'चिंट्झ' म्हटलं की आज मोठ्या फुलांचं, चकाकी दिलेलं पडद्याचं कापड डोळ्यांपुढे येतं. रशियनमध्ये सीतेत्स म्हणजे साध्या विणीचं, स्वस्त, रोजच्या वापराचं छापील सुती कापड. मराठीतलं चीटही तेच. म्हणून इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याचा अर्थ इथे हमखास घसरतो, रशियनवरून करणाऱ्याचा घसरत नाही.

कारखान्याचं नावही याच शब्दावर उभं आहे: 'पहिला सरकारी सित्सेनबिव्नाया कारखाना'. त्यातल्या 'नबिव्नाया'मागे ठोकण्याची क्रिया आहे, ठसा कापडावर ठेवून वरून ठोकतात ती. 'चीटछपाईचा कारखाना' लिहा, काहीही गमावत नाही. रशियन समीक्षक ओसिप ब्रीकच्या १९२४ च्या लेखाचं शीर्षक 'चित्राकडून चिटाकडे' असं सरळ मराठीत येतं, अनुप्रासासकट. तो अनुप्रास रशियनमध्ये नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

प्रतिसाद २

चीट एकदम मान्य. 'नक्षी'ला माझा विरोध आहे.

नक्षी म्हटलं की आधी वस्तू आणि मग तिच्यावरची सजावट, असा क्रम मनात येतो: भांड्यावरची नक्षी, खांबावरची नक्षी. स्तेपानोवा आणि तिच्याबरोबर त्याच कारखान्यात काम करणारी ल्युबोव पोपोवा यांचा झगडा नेमका या क्रमाशी होता. कारखान्याला फुलापानांच्या जागी नवी चित्रं हवी होती. या दोघींना उत्पादनाच्या निर्णयांत आणि रंगाच्या प्रयोगशाळेत जागा हवी होती. पोपोवा मे १९२४ मध्ये स्कार्लेट फीव्हरने गेली. स्तेपानोवाने पुढे लिहिताना आग्रह धरला तो कापडाच्या घडणीचा: कलावंताने वीण, रंगाई, कपड्याचा उपयोग यांपासून सुरुवात करावी. तिच्या कामाला 'नक्षी' म्हणणं म्हणजे तिने जे नाकारलं तेच तिच्या नावावर टाकणं.

प्रतिसाद ३

मुद्दा पटतो, पण पर्याय काय? 'आकृतिबंध' समीक्षेत रुळलाय आणि सरकारी कचेरीत त्याचा अर्थ मंजूर पदांची रचना असा होतो. 'संरचना' लिहिलं तर वाचक वीण समजेल, आणि हे कापड तर छापलेलं आहे.

कापडाच्या दुकानात माणसं काय म्हणतात ते बघा: 'बारीक छापाचं दाखवा', 'एवढा मोठा छाप नको'. कागदावर असेपर्यंत नमुना, कापडावर उतरला की छाप. 'भौमितिक छापाचं चीट' हे कोणत्याही मराठी वाचकाला कळेल. नक्षी हा शब्द जुन्या फुलापानांच्या चिटांसाठी राखून ठेवा, म्हणजे फरक आपोआप दिसेल.

जाता जाता: तिच्या कलापंथाला (कन्स्ट्रक्टिव्हिझम) नुसतं 'रचनावाद' लिहू नका. शिक्षकवर्ग ते 'ज्ञानरचनावाद' (शिक्षणातली विचारसरणी) असं वाचेल. पहिल्या उल्लेखात 'रशियन रचनावाद' लिहा.

प्रतिसाद ४

'रिपीट'साठी आवर्तन घ्या. पुनरावृत्ती म्हणजे काहीही पुन्हा करणं. आवर्तनाला ठरलेली लांबी असते आणि ते समेवर येऊन मिळतं. छपाईत अगदी हेच घडतं. तांब्याच्या कोरीव रुळाचा परिघ ४२ सेंमी असेल, तर आवर्तनाची उंची ४२ ला पूर्ण संख्येने भागून येईल तेवढीच असू शकते: ४२, २१, १४, १०.५ सेंमी अशी. २० सेंमी चालणार नाही, कारण रुळाची फेरी पूर्ण होते तिथे आकार तुटतो.

फुलांच्या छापात हा सांधा पानाआड लपतो. कंपासने काढलेल्या वर्तुळात लपत नाही. त्यासाठी नमुन्याचा कागद मधोमध उभा-आडवा कापून चारही तुकड्यांची कर्णात अदलाबदल करायची. कडा मध्यभागी येतात आणि जोड न जुळलेली रेघ लगेच दिसते. मग एकाच कागदावर समाधान मानू नका. ३ × ३ आवर्तनं मांडून तीन मीटरवरून पाहा. मोकळ्या जागा एका ओळीत आल्या असतील तर कापडभर पांढरी गल्ली पडलेली दिसेल. अशा वेळी शेजारचा स्तंभ अर्ध्या आवर्तनाने खाली सरकवायचा, भिंतीत विटांचे सांधे चुकवतात तसा.

स्तेपानोवाचे बरेच नमुने एक-दोन रंगांतच आहेत. पट्टे वर्तुळाच्या आत शिरले की रंग पालटतात, आणि दोनच रंगांत कापड हलतंय असं वाटतं. प्रत्येक रंगाला वेगळा रूळ लागतो, म्हणून रंग जितके कमी तितका रूळ चुकण्याचा धोका कमी. तरीही दुसरा रूळ अर्धा मिमी सरकला तर काळ्या पट्ट्याच्या एका बाजूला पांढरी केसरेघ उमटते. उपाय: गडद रंग फिक्यावर अर्धा मिमी चढवून काढायचा.

प्रश्नकर्ता

चीट, छाप, आवर्तन: तिन्ही घेतले. एक उपप्रश्न. लेखासोबत तिच्या धर्तीचं कापड छापून घ्यायचं आहे. कारागिराला काय सांगू?

प्रतिसाद ४

सगळ्यात आधी खळ. कोऱ्या मांजरपाटाची खळ धुऊन काढल्याशिवाय छापू नका. खळीवर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात फिका पडतो. दुसरं म्हणजे सुती कापड ताण्याकडे (उभ्या धाग्यांकडे) जास्त आटतं. ताण्यात ४ टक्के आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) २ टक्के आटलं, तर २० सेंमीचं वर्तुळ धुतल्यावर १९.२ × १९.६ होतं. फुलाला हे खपतं. वर्तुळ लांबट झालेलं मात्र डोळ्याला लगेच कळतं.

छापण्याआधी पन्ह्याच्या दोन्ही किनारींतून एकच आडवा धागा ओढून बघा. तो तिरका गेला असेल तर कापड उरेब (कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे) ओढून सरळ करा, नाहीतर आडवे पट्टे बगलेच्या शिवणीला वरखाली होतील. आणि शिंप्याकडे कापड देताना प्रत्येक मोठ्या भागामागे एक आवर्तन जादा धरा. २१ सेंमीचं आवर्तन आणि चार भाग असतील तर ८४ सेंमी जास्त.