बियाणे कंपनीतील मुलाखतीची तयारी

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): कृषी पदविकेनंतर एका बियाणे कंपनीने क्षेत्र अधिकारी पदाच्या मुलाखतीसाठी मला अकोल्याला बोलावले आहे. माझ्या बोलण्यात वऱ्हाडी सहज येते आणि इंग्रजी बेताचेच आहे. चांगली छाप कशी पाडावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मूर्तिजापूर): वऱ्हाडीची चिंता करू नये, ज्या शेतकऱ्यांशी तुम्हाला बोलायचे आहे, त्यांची भाषा तीच आहे. कपाशीचा पट्टा असल्याने प्रश्न बहुधा गुलाबी बोंडअळीवर येतील. तेव्हा हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीसारख्या गंधाने या अळीच्या नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे उपाय करणे गरजेचे ठरते ती, गाठली असे समजावे, हे घरच्या शेतातील निरीक्षणाशी जोडून सांगितल्यास पाठ केलेल्या उत्तरापेक्षा अधिक पटते. न येणाऱ्या प्रश्नावर ‘माहीत नाही’ असे सरळ सांगावे.

उत्तर (वणी): कपडे स्वच्छ, इस्त्रीचे असावेत, विदर्भाच्या उन्हात कोट घालण्याचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो. एसटी एक फेरी आधीची धरावी.

उत्तर (दर्यापूर): मूळ प्रमाणपत्रांसोबत दुचाकीचा परवानाही न्यावा, कारण हे काम गावोगाव फिरण्याचे आहे. प्रवासभत्त्याविषयी मात्र शेवटी, संकोच न करता विचारावे.