मदत हवी आहे: पुनावळे-रावेतमध्ये पनीरपलीकडचं काही मिळेल का?

नमस्कार मंडळी. आमच्या भागात (पुण्याजवळ, पिंपरी-चिंचवडमध्ये) दर महिन्याला नवं हॉटेल उघडतं, पण मेन्यूकार्ड उघडलं की तेच: पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी, ट्रिपल शेजवान. बोर्डावर 'मल्टिक्युझिन', आणि ग्रेव्ही सगळीकडे एकच, लाल आणि गोडसर! भाडं इतकं आहे की मालक धोका पत्करत नसणार, हेही समजतं.

गंमत म्हणजे सोसायटीत जळगाव, नागपूर, लातूर, केरळ, बंगाल, सगळीकडचे लोक राहतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, पण इथे हिवाळ्यातही कळण्याची भाकरी आणि भरीत खायचं तर कोणाच्या तरी घरीच जावं लागतं. कोंबडी-वडे, सोलकढीसाठी थेट पुण्यात डेक्कनला. रविवारी संध्याकाळी भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमधून तिकडे जाऊन बघा एकदा!

तर विचारायचं असं:
कोणाच्या सोसायटीत शनिवार-रविवारी घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांचे स्टॉल लावू देतात का? कमिटीला कसं पटवलंत? आमच्याकडे 'वास येतो, कचरा होतो' इथेच गाडी अडते. अन्न परवान्याची नोंदणी ज्याची त्याने करायची, की सोसायटीलाही काही कागदपत्रं लागतात? आणि मासे चालतील का, यावर भांडणं न होता तोडगा कोणी काढलाय?

खानदेशी किंवा नागपुरी सावजी डबे देणारं आसपास कोणी माहीत असेल तर तेही सांगा. तिखटाची काळजी नको, खरं सावजीच हवं.