एक्क्यांची जोडी पुन्हा हरली: साइटची लबाडी की नशीब?

किलवर_गुलाम: ऑनलाइन पोकरमध्ये फुकट चिप्सच्या टेबलावर हातात दोन एक्के आले तरी वारंवार हार. पत्ते नीट पिसले जात नाहीत का? शिवाय कानात संबळ-गिटारवालं नवं लोकसंगीत असतं. त्यानं फरक पडतो का?

आकडेमोड: एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर एकच खेळाडू, कुठलेही पत्ते घेऊन असेल तर जिंकण्याची शक्यता 85 टक्के. समोरचे चौघं शेवटपर्यंत राहिले तर साधारण 56. फुकट चिप्सवर कोणी पत्ते टाकतच नाही, म्हणजे डाव सोडतच नाही, तिथंच घोळ! आधीच मोठी बोली लावून गर्दी कमी करा. आणि हरलेलेच डाव लक्षात राहतात. खात्री हवी तर हँड हिस्टरी (साइटवरची खेळलेल्या डावांची नोंद) उतरवून सगळे मोजा; शे-दीडशे डावांवरून काही ठरत नाही.

बदाम_सत्ती: फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची) वाट बघतानाही हेच. चार जमलेत, एक हवाय. टर्ननंतर (टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावर) उपयोगी पत्ते 9, न दिसलेले 46, म्हणजे साधारण 20 टक्के. पॉटमध्ये (डावावर जमलेल्या चिप्समध्ये) 100, समोरच्यानं 50 लावले, तर तुमचे 50 धरून पॉट 200 होतो. 25 टक्के शक्यता हवी, आहे 20. मुकाट्यानं पत्ते टाका.

तुणतुणं: संगीतानं पत्ते बदलत नाहीत, हात मात्र सुटतो. गोंधळाची लय चढत जाते, संबळ दुगुनीत (दुप्पट वेगात) गेला की माणूस विचार न करता कॉल दाबतो, समोरच्याइतकेच चिप्स लावून बसतो. गाणी जेवताना ऐका. तीही पुऱ्या लक्षानं ऐकायची चीज आहे.

आकडेमोड: पैशांच्या टेबलाकडे मात्र वळू नका, 2025 च्या केंद्रीय कायद्यानं ते बंद आहे.