‘क्लर्जी’ला काय म्हणावं? आणि ‘सिव्हिलिटी’ला?

कृष्णाकाठ (सांगली): एक लेख मराठीत आणतेय. राजकारण्यांनी एकमेकांचा मान कसा ठेवावा आणि धर्मपीठावरच्यांनी राजकारणात यावं का, असा विषय. ‘क्लर्जी’ला मी ‘धर्मगुरू’ लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी खोडून ‘पुरोहित’ केलं. आमच्याकडे पुरोहित म्हणजे लग्न लावणारे, सत्यनारायण सांगणारे गुरुजी. लेखात उदाहरण आहे सायप्रसचे आर्चबिशप मकारिओस, 1960 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना पुरोहित म्हणू?

माणदेशी: म्हणा. पुरस् + हित, म्हणजे पुढे ठेवलेला. राजा कुठलंही काम त्याला विचारून करायचा. शब्द मूळचा दरबारातलाच आहे. लोक अर्थ विसरले म्हणून टाकून द्यायचा?

शाहूपुरी, सातारा: लोक वापरतात तोच अर्थ. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी बाजीरावांना कर्ज द्यायचे, पत्रांतून कान उपटायचे. त्यांना कुणी पुरोहित म्हटलं नाही, स्वामीच म्हटलं. योगी आदित्यनाथ गोरखनाथ मठाचे महंत, 2017 मध्ये मुख्यमंत्री झाले. तेही पुरोहितात बसत नाहीत. ‘पाद्री’ म्हणाल तर मौलवी, महंत, जंगम सगळे बाहेर. धर्मगुरूच ठेवा.

माणदेशी: धर्मगुरू एकेकट्याला लागतो. इथे सगळा वर्ग सांगायचाय. ‘धर्मगुरूवर्ग’ मोठ्यानं वाचून बघा.

वाईकर: यावं की नाही हे समर्थांनी सांगूनच ठेवलंय. दासबोधात ‘मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण’.

शाहूपुरी, सातारा: त्या काळचं ‘राजकारण’ म्हणजे मसलत, गुप्त बोलणी. बखरींत बघा, ‘राजकारण लावले’ असं येतं. त्याला आजच्या निवडणुकीचा अर्थ चिकटवू नका.

कृष्णाकाठ (सांगली): ‘सिव्हिलिटी’चंही सांगा. ‘सभ्यता’ म्हटलं की सिंधू संस्कृती आठवते, ‘सौजन्य’ जाहिरातीखालचं वाटतं.

वाळव्याचा: मुलाहिजा! आमचे आजोबा वसंतदादांच्या गटाचे, गाव सगळं राजारामबापूंचं. निवडणुकीत दोन्हीकडून जोरात व्हायचं. पण घरात कुणी बापूंना अरेतुरे केलं की आजोबा ताटावरनं उठायचे. ‘मत देऊ नका, मुलाहिजा सोडू नका’ म्हणायचे. मी सात-आठ वर्षांचा असंन, पण ते उठणं अजून डोळ्यांपुढं आहे.

माणदेशी: अरबी शब्द. ‘आदर’ असताना कशाला?

वाळव्याचा: आजोबांना बापूंबद्दल आदर होता का, मला सांगता यायचं नाही. मुलाहिजा होता. सभेत समोरच्याला ‘तो’ म्हणायचं का ‘ते’, हे त्यावर ठरायचं.

शाहूपुरी, सातारा: पण पेपरात ‘कुणाचाही मुलाहिजा न ठेवता कारवाई’ असं छापतात. तिथे मुलाहिजा ठेवणं म्हणजे दोषीला पाठीशी घालणं. तुमच्या लेखात वाचक नेमकं हेच समजेल.

वाईकर: मग ‘मुरवत’. आजी ‘भीडमुरवत’ असं जोडूनच म्हणायची.

माणदेशी: तोही अरबीच.

कृष्णाकाठ (सांगली): ‘मुलाहिजा’ लिहिते, एकदा ‘राखणे’ जोडून, म्हणजे पाठीशी घालण्याचा अर्थ लागणार नाही. पण मकारिओस अजून तिथेच आहेत.

वाईकर: ‘धर्माधिकारी’? जुना शब्द आहे. प्रायश्चित्ताचा निर्णय तेच द्यायचे.

शाहूपुरी, सातारा: ते आता आडनाव आहे. आमच्या गल्लीतच दोन घरं आहेत.